मीटर अधिक एक लाख

मी, वय वर्षे अडुसष्ट, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेली निरीक्षक, जिला अख्खा बाजार ‘काटेबाई’ म्हणायचा आणि मी वळून पाहिलं की म्हणायचा नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनाने आणि माझ्या अकलेने लिहून ठेवते आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. जावयाचं मत वेगळं आहे, ते टाचलेलं नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. कोणी आणून बघावा.

कारण असं की येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. गाडीचे व्हॉल्व्ह मी आजवर दोनदा बदलून घेतले आणि दोन्ही वेळा ती संध्याकाळी धडधाकट घरी आली, म्हणून मी फारशी घाबरलेली नाही. थोडी घाबरले आहे. पण खरी काळजी झडपेची नाही, गाडीची आहे. मी गेले तर ती कोणाकडे जाणार हे आज, बुधवारी, लिहायला बसले तेव्हा मला ठाऊक नाही आणि ते ठरल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी होणार नाही.

या कागदावर खाडाखोड दिसेल. आमच्या खात्यात नोंदवहीत चुकलं तर पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचं नाही. चुकीवर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर ते लिहायचं आणि बाजूला सही करायची. तोच नियम इथे. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, “मावशी, मी सगळं स्वच्छ टाइप करून देते की.” ही माझ्या मुलीची शाळेतली मैत्रीण, लहानपणी हिने माझ्या गाडीचा साइड आरसा चेंडूने फोडला होता आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तिने मला स्वच्छ काय ते शिकवू नये.

कलम एक. राहतं घर, तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, मुलीला. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो, तो तसाच राहू द्यावा, त्यामुळे पाहुणे लवकर जातात. जावई ज्या खुर्चीत बसून मला दर रविवारी ‘आई, आता या वयात गाडी कशाला’ असं म्हणतो, ती खुर्ची त्याला स्वतंत्रपणे देत आहे. ती त्याने आपल्या घरी न्यावी आणि तिथे बसून तेच म्हणावं.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते मुलीला. किती आहे ते बँक सांगेल, मी मोजत बसणार नाही.

कलम तीन. निवृत्तीच्या दिवशी खात्याने मला पाच किलोचं पितळी वजन भेट दिलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत वजनं उचलून कंबर गेलेल्या बाईला भेट म्हणून वजन द्यायचं, हे फक्त आमच्या साहेबांनाच सुचू शकतं. ते वजन वकीलबाईंना. त्यांच्या टेबलावरचे कागद पंख्याने उडतात. शेजारीणबाईंना माझ्या सगळ्या कुंड्या, कारण पाणी त्याच घालतात आणि श्रेय मी घेते. खालच्या वॉचमनला गाडीचं ताडपत्रीचं कव्हर, कारण पावसाळ्यात तो तसंही तेच पांघरतो, मला माहीत आहे.

कलम चार. माझा धाकटा भाऊ. त्याला काही नाही. एक नट नाही, एक वायसर नाही. आता का नाही, तेही लिहून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी कंजूष होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी मला बढती मिळाली. कचेरीतल्या टेबलावरून उठून फिरतीवरची निरीक्षक. गावोगावचे काटे, पेट्रोलपंप, कोळशाच्या वखारी, ट्रक तोलायचे मोठे वजनकाटे, सगळं माझ्या अखत्यारीत. अट एकच, वाहन स्वतःचं पाहिजे, कारण डिकीत दोनशे किलो प्रमाणित वजनं घेऊन हिंडायचं होतं. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. आमच्या ह्यांना, आता ते हयात नाहीत, पण तेव्हा मी फिरतीवर जाणंच पसंत नव्हतं. तोंडाने तसं म्हणत नसत. ते चित्रकलेचे मास्तर, सरळ रेघ मारायची तर पट्टी लागायची, बोलायला मात्र वळणं घ्यायचे. त्यांनी कुठल्यातरी मासिकात वाचलं होतं की पन्नास हजार किलोमीटरच्या वर पळालेली गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. तेव्हापासून जी गाडी दाखवावी तिचा आकडा बघून ते मान हलवायचे. चार महिने मान हलवली. बढतीचा हुकूम स्वीकारायची मुदत संपत आली होती.

धाकटा तेव्हा जुन्या गाड्यांच्या एका आवारात विक्रीचं काम करायचा. तो म्हणाला, “ताई, एक गाडी आलीये. छोटी आहे, चार दारं, मागे मोठी डिकी, पेट्रोल चाखत चाखत पिते. मीटरवर अडतीस हजार.” हे आले, वाकून आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, “ही घेऊ.” पुढची कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना सांगायचे की गाडीतलं मला कळतं.

गाडी करड्या रंगाची. दिसायला अशी की पार्किंगमध्ये तिच्यासमोर उभी राहून मी तिला शोधलेलं आहे. पण काय गाडी! मागे दोनशे किलो आणि पुढे मी, तरी लिटरला सतरा. वजनं उतरवली की एकोणीस. घाटात मोठमोठ्या गाड्या तोंडातून वाफ काढत बाजूला उभ्या असायच्या आणि ही आपली दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत वर. हिच्यातून उतरून मी काट्याखाली लोहचुंबक लावणारे पकडले, पारड्याला मेण चिकटवणारे पकडले, पेट्रोलपंपावर पाच लिटरच्या मापात पाव लिटर हवा भरणारे पकडले. एका वखारवाल्याने पळून जाऊ नये म्हणून गाडी त्याच्या फाटकात आडवी लावली आणि आत बसून डबा खाल्ला. लेकीला हिच्याच मागच्या सीटवर मी पाढे शिकवले आणि हिच्याच पुढच्या सीटवर गाडी. ती दोन्ही विसरली, तो भाग वेगळा.

आठ वर्षांनी एकदा रस्त्यात बॅटरी गेली. वाटेवरच्या दुकानदाराने जुनी बॅटरी उचलली, तर खालच्या पत्र्यावर तेलकट चिठ्ठी चिकटलेली. ऑइल बदलल्याची. तारीख मी गाडी घेतली त्याच्या चार महिने आधीची आणि किलोमीटर एक लाख छत्तीस हजार.

म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने मीटर मागे फिरवलं होतं. पहिला एक पुसून तिथे शून्य. मी, जिने अर्ध्या ग्रॅमसाठी माणसं कोर्टात उभी केली, ती आठ वर्षं एक लाखाची खोटी मोजणी दारात लावून हिंडत होते! माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात, त्या दिवशी तो डोक्यात गेला. तशीच त्याच्या आवारात गेले. गिऱ्हाइकं होती, मालक होता. मी खात्याची लाल चिठ्ठी काढली, मोठ्या अक्षरात ‘नाकारले’ लिहिलेली, जी खोट्या काट्यावर लावतात, आणि त्याच्या केबिनच्या दारावर लावून वर सही ठोकली. गाड्यांचे मीटर आमच्या खात्याच्या कक्षेत येत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्याने चिठ्ठी वाचली. मला वाटलं काहीतरी सारवासारव करेल. तो फक्त म्हणाला, “ताई, गाडी चांगली चालतेय ना?” मी पाठ फिरवली. आठवड्याभरात मालकाने त्याला काढलं. घरी हे म्हणाले, “बघ, तुझा भाऊ.” तेव्हापासून एकोणीस वर्षं आम्ही बोललेलो नाही. तो आता लोकांना गाडी चालवायला शिकवतो असं ऐकते. आणि मला कोणी गाडी किती पळाली विचारलं की मी मीटरवरचा आकडा सांगून पुढे ‘अधिक एक लाख’ म्हणते. म्हणून त्याला काही नाही.

कलम पाच. जॅक, पान्यांचा पूर्ण संच, टायरमधली हवा मोजायचं माझं खात्रीचं यंत्र आणि डिकीतली दोरी, हे सगळं माझ्या गॅरेजवाल्याला. गेली अठरा वर्षं गाडी त्याच्याकडे जाते. बोलायला फटकळ, हाताने हलका. ब्रेकच्या कामाची मजुरी त्याने माझ्याकडून कधी घेतली नाही. मला वाटायचं हा माझ्या दराऱ्याचा परिणाम.

कलम सहा. गाडी. जावई म्हणतो भंगारात द्या. त्याला त्याची खुर्ची मिळालेली आहे. लेकीकडे दोन गाड्या आहेत, दोन्हींत बसलं की सगळीकडून शिट्ट्या वाजतात. विकायची तर मीटर अधिक एक लाख हे विकत घेणाऱ्याला सांगावं लागेल आणि मग कोण घेणार? रोज कोणीतरी हिला फिरवून आणली पाहिजे, थंडीत चोक न ओढता दोन मिनिटं दम धरला पाहिजे, तिसरा गिअर टाकताना हळूच हात जरा डावीकडे नेला पाहिजे. असं माणूस माझ्या माहितीत नाही. इथे जागा मोकळी सोडते.

शुक्रवार. पुढे लिहिते.

आज गाडी शेवटची तपासून घ्यायला गॅरेजवर गेले. गॅरेजवाल्याला म्हटलं, कलम पाचमध्ये तुझं नाव आहे, पाने तुला. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो हातातलं फडकं टाकून स्टुलावर बसला.

“बाई, पाने नकोत. आधी माझं ऐका आणि मग काय द्यायचं ते द्या. तुमचं मीटर मी फिरवलं होतं.”

मी म्हटलं, “तू? तुझा काय संबंध?”

“मी तेव्हा त्याच आवारात कामाला होतो. तुमच्या भावाने गळ घातली. म्हणाला, गाडी सगळ्यात भक्कम हीच आहे, हिने अजून तीन लाख काढले तरी काही होणार नाही. पण भावजी पन्नास हजाराच्या वरची घेणार नाहीत. आणि गाडी नाही तर ताई परत टेबलावर. तिला फिरतीवर जाऊ दे.”

“मग मी चिठ्ठी लावली तेव्हा तो का नाही बोलला?”

“मी म्हटलं त्याला, जाऊन सांग. तो म्हणाला, हे त्यांनाच चकवायला केलं असं भावजींना कळलं तर ते दुसऱ्या दिवशी गाडी विकायला लावतील. तिला माझा राग येऊ दे. गाडी जायला नको.”

मी गाडीत जाऊन बसले आणि रडले. अडुसष्टाव्या वर्षी, गॅरेजच्या दारात, हॉर्नवर डोकं ठेवून, त्यामुळे हॉर्नही वाजत होता. गॅरेजवाला बिचारा काचेवर टकटक करत राहिला. पाने त्याला दिले आहेत, कलम पाच कायम. पण मजुरी का घेत नव्हता ते आता कळलं आणि दराऱ्याचं वाक्य मी मागे घेते.

कलम चारवर एक रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं, वाचता यायलाच हवं. कलम सहामधल्या मोकळ्या जागेत लिहिलं : गाडी माझ्या धाकट्या भावाला. बाजूला सही केली.

रविवार, सकाळ. वकीलबाई आपल्या कारकुनाला घेऊन आल्या. दोन साक्षीदार लागतात. एक कारकून. दुसरा कोण?

“ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय तो साक्षीदार नको मावशी. त्याचा नवरा किंवा बायकोही नको. नाहीतर त्याला दिलेलं बाद होतं.”

म्हणजे लेक नाही, जावई नाही. शेजारीणबाईंना कुंड्या. गॅरेजवाल्याला पाने. वकीलबाई म्हणाल्या मीच करते सही, मग त्यांना पितळी वजन आठवलं. म्हणाल्या, “खालच्या वॉचमनला बोलावते.” मी म्हटलं, “त्याला कव्हर.”

“मावशी, तुम्ही कोणाला सोडलंय का? रस्त्यावरून एखादा माणूस धरून आणू, कोणीही चालतो.”

चालला असता. हे मी खरं लिहिते, कारण खोटं लिहायची मला सवय नाही. शंभर साक्षीदार मिळाले असते. पण भावाला माफ कर असं म्हणायला मला फोन उचलवेना. दोन दिवस मी फोनभोवती घिरट्या घालत होते. सहीला ये एवढं मात्र मला म्हणता येण्यासारखं होतं.

वकीलबाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, “ते साक्षीदार झाले तर त्यांची गाडी जाईल. गाडी द्यायची असेल तर त्यांना आज बोलवायचं नाही.”

म्हणजे हिशोब सरळ होता. मी मेल्यावर त्याला गाडी, नाहीतर मी जिवंत असताना मला भाऊ. उद्या सोमवार. मी फोन लावला.

“हॅलो.”

“मी बोलतेय.”

तो म्हणाला, “गाडी बंद पडली का?”

“गाडीला काय धाड भरलीये! सही पाहिजे तुझी. मृत्युपत्रावर.”

“कोण गेलं?”

“अजून कोणी नाही. उद्या बघू.” मग झडपेचं सांगितलं.

तो म्हणाला, “मला काय मिळणार?”

“काही नाही. साक्षीदाराला काही मिळत नाही.”

“मग येतो,” म्हणाला.

कलम सहामधल्या त्याच्या नावावर मी रेघ मारली. रेघ वाकडी आली. ह्यांची पट्टी घ्यायला हवी होती.

रविवार, दुपार. कलम सात आणि शेवटचं. हे खाली पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षर म्हणून असं.

तो वर आलाच नाही. गॅलरीतून पाहिलं तर साहेब गाडीभोवती फिरत होते, वाकून टायर बघत होते. केस पार पांढरे. मी उतरले. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “अॅव्हरेज?”

“वजनं नाहीत आता. अठरा.”

“एकोणीस द्यायला पाहिजे. फिल्टर बदल.” मग बघितलं माझ्याकडे. “ताई, केवढी वाळलीस गं.”

मी म्हटलं, “गॅरेजवाल्याने सांगितलं मला सगळं.”

“त्याचं तोंड पहिल्यापासून गळकं.”

बोलणं मला जमत नव्हतं, म्हणून मी पेन काढलं. मला लिहिता येतं. तर याद्वारे लिहून देते की एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या दारावर ‘नाकारले’ अशी जी चिठ्ठी मी अधिकार नसताना लावली, ती मी रद्द करते. माप घेताना चूक माझी झाली. मी फक्त आकडा पाहिला. त्या एक लाख किलोमीटरांच्या जोरावर मला नोकरी मिळाली, रस्ते मिळाले, मान मिळाला, आणि त्याची नोकरी गेली. त्याने मीटर फिरवलं हे वाईटच केलं, ते मी म्हणणारच. पण माझ्यासाठी इतकं कोणी काही केलेलं नाही आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही की का केलंस. मला क्षमा कर रे. हे इथे लिहिलं आहे म्हणजे नोंद झाली.

कलम सहाबद्दल. गाडी मृत्युपत्रातून वगळली आहे, कारण ती आता माझी राहिलेली नाही. किल्ली मी आत्ता, वकीलबाई आणि कारकुनासमोर, माझ्या भावाच्या हातात दिली. तो म्हणाला, “अगं, मग उद्या तुला दवाखान्यात कोण सोडणार?” मी म्हटलं, “ज्याची गाडी आहे तो.” आणायलाही त्यानेच यायचं आहे. ही अट मृत्युपत्रात घालता येत नाही असं वकीलबाई म्हणतात. तरी घालते आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, यानंतर करायला मिळालं तर बरंच आहे. वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, रेघांसकट कबूल आहे.

स्थळ : पार्किंग, करड्या गाडीचं बॉनेट.
वार : रविवार. मीटर : तीन लाख शहाण्णव हजार दोनशे सतरा. अधिक एक लाख.

सही : काटेबाई

साक्षीदार पहिला : वकीलबाईंचा कारकून. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरा : धाकटा भाऊ. माझ्यासमोर सही झाली. मला साक्षीदार म्हणून वाचायची गरज नव्हती, तरी सगळं वाचलं. कलम चारवर रेघ आहे पण शिव्या स्पष्ट वाचता येतात. माप बरोबर आहे. उद्या सकाळी सहाला खाली उभा आहे.